चप्पल निसटली तरी कळत नाही: दारू, नसा आणि स्नायू

भूम तालुक्यातलं ईट आणि त्याच्या भोवतीचा पट्टा दुधाचा आणि खव्याचा. खव्याच्या भट्टीवर कढईतलं दूध आटेपर्यंत हात थांबवून चालत नाही, नाहीतर तळाला लागतं. हे काम खांद्याचं आणि दंडाचं. ज्यांना भट्टी नाही, जनावरं नाहीत, जमीन कोरडवाहू आहे, त्यातले कित्येक जण उचल घेऊन ऊसतोडीला जातात. तिथं दिवसभर वाकून कोयता चालवायचा आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. थोडक्यात, इथल्या माणसाचं भांडवल म्हणजे त्याचे हात, पाय आणि पायाखालच्या जमिनीचा अंदाज.

दारू नेमकं हेच भांडवल खाते. गावात मात्र दारूच्या नुकसानीची चर्चा लिव्हरपाशी सुरू होते आणि लिव्हरपाशीच संपते. कावीळ झाली, पोटात पाणी झालं की घरचे घाबरतात. पाय जड झालेत, हातातून वस्तू निसटतेय, उकिडवं बसलेल्या माणसाला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, हे सगळं मात्र वय, अशक्तपणा, वात किंवा नशीब यांच्या खात्यावर टाकलं जातं. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यांच्या नसा आणि स्नायू कसे झिजतात, याविषयी जे कानावर पडतं त्यातलं बरंचसं चुकीचं असतं, आणि काही तर जिवावर बेतणारं.

“दारूनं लिव्हर जातं. पायाचा काय संबंध?”

संबंध थेट आहे. पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसेच्या पेशी कमरेच्या मणक्याजवळ असतात आणि त्यांचे धागे जवळपास मीटरभर लांब जातात. धाग्याच्या टोकाला लागणारं पोषण याच पेशीकडून येतं. कालव्याचं पाणी कमी झालं की टेलचं शेत आधी वाळतं, तसंच इथं होतं. दारू आणि शरीरात तिच्यापासून तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य नसांना दुखापत करत राहतं. मग सगळ्यांत लांबची टोकं, म्हणजे पायाची बोटं, सगळ्यांत आधी हाक मारतात.

सुरुवात बहुधा मुंग्यांनी किंवा आगीनं होते. दोन्ही पायांना, साधारण सारखीच. रात्री तळपायांची आग होते, अंगावरची चादर पायाला लागलेली सहन होत नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आग ओसरते आणि माणसाला वाटतं, बरं झालं. प्रत्यक्षात बधिरपणा आलेला असतो. जमीन कापसासारखी लागते. चालताना चप्पल पायातून निसटून मागं राहते आणि हा अनवाणी चार पावलं पुढं गेलेला असतो; मागून कुणी ओरडलं तर कळतं. सकाळी मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. पाय कुठं टेकलाय ही खबर पायाकडून येईनाशी झाल्यावर माणूस फक्त डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो, आणि डोळे मिटले की तो आधारही जातो. रात्री लाइट गेल्यावर किंवा अंधारात बांधावरून जाताना असा माणूस पडतो. लोक म्हणतात, “आज जास्त झाली.” त्या दिवशी त्यानं थेंबही घेतलेला नसतो.

पुढं हा बधिरपणा घोट्यांपर्यंत, पोटऱ्यांपर्यंत चढतो आणि मग हातांच्या बोटांत शिरतो. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्यांच्या नसांची यंत्रावर तपासणी केलेल्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब 2019 मध्ये मांडला गेला. त्यात साधारण निम्म्या लोकांच्या नसा बिघडलेल्या आढळल्या. यात नवीन असं काही नाही. बोस्टनच्या जेम्स जॅक्सन या डॉक्टरांनी दारुड्यांच्या हातापायांच्या या दुखण्याचं वर्णन 1822 मध्येच करून ठेवलं होतं. दोनशे वर्षांनंतरही आपल्या गावात ही माहिती पोचू नये, याची मला खंत वाटते.

याच नसांची दुसरी एक शाखा आपल्या इच्छेविना चालणारी कामं बघते: रक्तदाब, घाम, आतड्यांची हालचाल, लघवी, लैंगिक ताठरता. तिथं बिघाड झाला की उठून उभं राहताच डोळ्यांपुढं अंधारी येते. दारूनं मर्दानगी वाढते असं सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की वर्षानुवर्षं पिणाऱ्यांमध्ये ताठरता न येणं ही अगदी नेहमीची तक्रार आहे.

“रात्रीत वारं गेलं, हात लुळा पडला”

पिऊन बेशुद्धासारखा झोपलेला माणूस सकाळी उठतो तर मनगट खाली लोंबतंय. बोटं उचलत नाहीत, हातात तांब्या धरवत नाही. घरात रडारड होते, कुणी उतारा टाकतं, कुणी झाडपाल्याच्या औषधाला नेतं.

अनेकदा घडलेलं असतं ते असं: खुर्चीच्या पाठीवर हात टाकून, बाजेच्या कडेवर दंड दाबून किंवा स्वतःच्याच हातावर डोकं ठेवून तो तासन् तास पडून राहिला. दंडाच्या मागून हाडाला वळसा घालून एक नस जाते, ती या दाबाखाली चेंगरली. न प्यायलेला माणूस हाताला मुंग्या आल्या की झोपेतही कूस बदलतो. दारूनं तेवढंही भान ठेवलेलं नसतं. ही नस बहुतेक वेळा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते. तोवर मनगटाला आधाराची पट्टी आणि व्यायाम लागतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस अशीच दाबली गेली तर पाऊल लोंबतं आणि चालताना अंगठा जमिनीला घासतो.

पण हे ठरवायचं डॉक्टरांनी. हातासोबत तोंड वाकडं झालं असेल, बोलणं अडखळत असेल किंवा त्याच बाजूचा पायही गेला असेल, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तिथं एक-एक तास मोलाचा असतो. उताऱ्याच्या नादात तो घालवू नये.

“अंग दुखतं म्हणून घेतो. घेतली की ताकद येते”

कष्टकऱ्याच्या तोंडचं हे वाक्य मी हसण्यावारी नेणार नाही. दिवसभर मोळ्या वाहिल्यावर अंग खरंच ठणकतं, आणि दारूनं ते ठणकणं तासा-दोन तासांपुरतं दबतं हेही खरं. खोटं आहे ते ताकदीचं.

एक क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असेल तर त्यात जवळपास 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ग्रॅमला 7 कॅलरी धरल्या तर चारशेच्या वर कॅलरी पोटात जातात. भूक मरते ती त्यामुळं. पण त्यात प्रथिनं शून्य, जीवनसत्त्वं शून्य. उलट स्नायूत नवीन प्रथिनं तयार होण्याचं काम दारू मंदावते. रोजच्या कष्टानं स्नायूची जी झीज होते ती रात्री भरून निघायला हवी. रोज रात्री दारू आडवी आली की ती भरत नाही.

याचा परिणाम आधी दिसतो तो कमरेच्या आणि खांद्याच्या मोठ्या स्नायूंवर. दुखत काहीच नाही, म्हणून लक्षही जात नाही. उकिडवं बसल्यावर उठताना मांडीवर हात टेकावे लागतात. एसटीची पहिली पायरी उंच वाटायला लागते, दांडी धरून अंग वर ओढावं लागतं. डोक्यावर ओझं चढवताना हात खांद्याच्या वर टिकत नाहीत. खव्याच्या कढईवर उभा असलेला माणूस मध्येमध्ये हात बदलायला लागतो. मांड्या आणि दंड बारीक होतात, आणि पोट सुटलेलं असल्यामुळं बघणाऱ्याला तो खात्यापित्या घरचा वाटतो. जास्त झीज होते ती झटक्याच्या, जोराच्या कामाला लागणाऱ्या तंतूंची, म्हणजे कोयत्याच्या घावाला जे हवेत त्यांचीच. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यांत हा स्नायूंचा आजार 40 ते 60 टक्क्यांपर्यंत आढळतो. लिव्हर आक्रसण्याच्या आजारापेक्षा तो जास्त जणांना होतो, तरी त्याचं नाव कुणाला माहीत नसतं.

याचं एक झटपट आणि भयानक रूपही आहे. जत्रेत, वरातीत किंवा निवडणुकीच्या दिवसांत सलग दोन-तीन दिवस बेसुमार पिणं झालं की काहींचे स्नायू अचानक सुजतात, हात लावू देत नाहीत आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. स्नायूंच्या पेशी फुटून त्यातला मालमसाला रक्तात उतरलेला असतो आणि तो मूत्रपिंडं बंद पाडू शकतो. अशा वेळी घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

“पिणाऱ्यानं मटण-अंडी खावीत, मग बाधत नाही”

हा गैरसमज खात्यापित्या घरांतला. गरीब उपाशीपोटी पितो म्हणून झिजतो, आपण तर चाखण्याला मटण घेतो!

बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी 1989 मध्ये याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. त्यांनी दारूच्या आहारी गेलेले 50 पुरुष तपासले. त्यांची स्वतःची काही तक्रार नव्हती आणि त्यांचं खाणंपिणंही कुपोषिताचं नव्हतं. तरी त्यांतल्या 42 टक्क्यांच्या खांद्याच्या स्नायूची ताकद इतकी कमी निघाली, की तुलनेला घेतलेल्या न पिणाऱ्यांत तेवढी कमी एकाचीही नव्हती. स्नायूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर जवळपास निम्म्यांत आजार दिसला. सुमारे एक तृतीयांश जणांच्या हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद घटलेली होती. हृदय हाही स्नायूच आहे. आणि ज्यानं आयुष्यात एकूण जितकी जास्त दारू प्यायली, तितका तो जास्त कमजोर. आहार चांगला असण्याचे फायदे आहेतच, पण त्यानं दारूचा हिशेब पुसला जात नाही.

“बिअर म्हणजे काही दारू नाही”, “गावठी शुद्ध असते”

आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलिलिटरची बाटली म्हणजे सुमारे 41 ग्रॅम अल्कोहोल, क्वार्टरच्या दोन-तृतीयांश. नसेला बाटलीवरचं लेबल कळत नाही.

हातभट्टीच्या शुद्धतेबद्दल बोलायचं तर जून 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉलपासून शरीरात फॉर्मिक ॲसिड बनतं आणि ते डोळ्यांची नस जाळतं. जे वाचतात त्यांतल्या काहींची दृष्टी कायमची जाते. पिऊन दुसऱ्या दिवशी धुरकट दिसायला लागलं तर उतरायची वाट बघत घरी पडून राहू नये.

“नसांचं इंजेक्शन घ्या, ताकदीचं सलाईन लावा, आणि चालू द्या”

यात अर्धं सत्य आहे, म्हणून हा गैरसमज जास्त टिकतो. बऱ्याच दारू पिणाऱ्यांच्या अंगात बी-1 म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाचा तुटवडा असतो. शरीरातला साठाच मुळात 25 ते 30 मिलिग्रॅमचा, काही आठवडे पुरणारा. दारू आतड्यातून त्याचं शोषण कमी करते, लिव्हरमधली साठवण कमी करते, आणि पिणारा नीट जेवतही नाही. भाकरी, डाळी, हुलगे, शेंगदाणे यांतून ते मिळतं, पण ताट तर झाकलेलंच राहिलेलं असतं.

तुटवडा भरून काढायलाच हवा. पण दारू स्वतंत्रपणेही नस बिघडवते. जपानमधल्या नागोयाच्या डॉक्टरांनी 2003 मध्ये हे दोन प्रकार वेगळे करून दाखवले: थायमिनच्या अभावानं पायांतली ताकद भराभर जाते, थायमिन पुरेसं असतानाही दारूनं जो आजार होतो तो हळूहळू वाढतो आणि त्यात आग आणि वेदना जास्त असतात. म्हणजे इंजेक्शन घेत घेत पीत राहिलेल्या माणसाचा एकच दरवाजा बंद झाला, दुसरा सताड उघडा आहे. बी-6 च्या गोळ्यांचे मोठे डोस मनानं बराच काळ घेतले तर त्यानंही नसा बिघडतात, ते आणखी वेगळंच.

सलाईनचा धोका तर आजच घरोघर सांगायला हवा. अनेक दिवस न जेवता प्यायलेल्या माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं, तर ते ग्लुकोज जाळायला उरलंसुरलं थायमिन खर्च होतं आणि मेंदूचा तातडीचा आजार उद्भवू शकतो. त्याची लक्षणं: डोळे नीट फिरत नाहीत किंवा एकाचे दोन दिसतात, चाल सुटते, माणूस गोंधळतो. तिन्ही लक्षणं नशेसारखीच, म्हणून घरचे म्हणतात, “झोपू द्या, उतरेल.” ती उतरत नाही. वेळेवर थायमिन मिळालं नाही तर जीव जातो, नाहीतर स्मरणशक्ती कायमची जाते. तेव्हा दवाखान्यात नेल्यावर “हे पितात आणि चार दिवस जेवलेले नाहीत” एवढं वाक्य नर्सला आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा. लाज बाळगू नका. त्या एका वाक्यावर सलाईनच्या आधी काय द्यायचं ते ठरतं.

“पाय बधिर झालेत ना, मग गरम विटेनं शेका”

कधीच नको. बधिर पायाला चटका कळत नाही. शेकानं, गरम पाण्याच्या पिशवीनं, थंडीत शेकोटीजवळ पाय पसरल्यानं कातडी भाजते आणि सकाळी फोड दिसतात. त्यात साखरेचा आजार असेल तर जखम हाडापर्यंत जाऊ शकते. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, तळवे उजेडात बघायचे. स्वतःला दिसत नसतील तर घरातल्या कुणीतरी बघायचे. काटा, कुसळ, भेग, फोड असं काही दिसलं तर दुखत नाही म्हणून सोडायचं नाही. शेतात अनवाणी जायचं नाही. मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घालायचे.

“पितो ना, मग दारूचंच असणार”

ही चूक सुशिक्षितही करतात. पायाला मुंग्या साखरेच्या आजारानंही येतात, आणि तो आजार पिणाऱ्यालाही होतो. वर्षानुवर्षं माळकरी, पूर्ण शाकाहारी असलेल्यांत बी-12 कमी पडू शकतं. टीबीच्या औषधांतल्या आयसोनियाझिडनं नसांना त्रास होतो, म्हणून सोबत बी-6 देतात. कुष्ठरोगातही बधिरपणा येतो, पण बहुधा चट्ट्यांच्या जागी आणि एकाच बाजूला जास्त. कमरेतली नस दबली तर एकाच पायात कळ जाते. रक्तातली साखर, बी-12, थायरॉइड आणि लिव्हर यांच्या साध्या तपासण्या झाल्याशिवाय कुणीही छातीठोकपणे सांगू नये. ज्यानं मुळीच घेतलेली नाही अशा माणसाच्या डळमळत्या चालीवरून त्याला दारुडा ठरवणारे शेजारी मी पाहिले आहेत. ते फार क्रूर आहे.

“जेवणात गुपचूप पावडर घाला, दारू आपोआप सुटते”

एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर या जाहिराती दिसतात: रुग्णाच्या नकळत दारू सोडवा. पिचलेली बायको किंवा आई त्याला भुलते, त्यात तिचा दोष नाही. पण अशा पुडीत काय आहे हे तिला कुणी सांगत नाही. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे; पुडीत ते असलं तर धोका मोठा. ते घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून ते रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करूनच देतात. शिवाय ते जास्त काळ घेतल्यास त्यानंच काहींच्या नसा बिघडतात. ज्याचे पाय आधीच बधिर झालेत त्याला असलं काही चोरून देणं म्हणजे नुकसानीत भर.

“आता सोडून काय उपयोग? आणि एकदम सोडली तर माणूस मरतो”

ही दोन वाक्यं एकत्रच ऐकू येतात, म्हणून उत्तरही एकत्र.

उपयोग आहे, भरपूर आहे. दारू पूर्ण थांबली, डाळ-भाकरी-दूध पोटात जायला लागलं, की स्नायू काही महिन्यांत भरायला लागतात आणि सहा महिने ते वर्षभरात बऱ्याच जणांची ताकद मोठ्या प्रमाणात परत येते. नसा सावकाश चालतात. तुटलेला धागा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून बोटांपर्यंतचं अंतर अर्धा मीटर धरलं तर दीड वर्षाच्या आसपासचा मामला. सगळंच भरून येईल असं नाही. काहींचा बधिरपणा कायम राहतो. पण पुढची झीज थांबते. आगीवर गोळ्या आहेत, त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्यायच्या. मात्र पिणं चालू ठेवून कुठल्याही औषधाला यश येत नाही.

दुसरं वाक्य धमकी म्हणून खोटं आणि सावधगिरी म्हणून खरं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास थरथर, ताप, भास आणि बडबड सुरू होऊ शकते, आणि त्यावर उपचार झाले नाहीत तर प्राण जातो. सकाळी हात थरथरतात म्हणून ज्याला घोट लागतो, ज्याला पूर्वी फिट आलेली आहे, त्यानं घरात कोंडून घेऊन सोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि थायमिन घेत सोडावी. हे काम आठवड्याभराचं असतं. पुढचं, म्हणजे न पिता राहणं, लांबचं. त्यासाठी अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण आहे, ठिकठिकाणी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा आहेत, धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

ईटहून धाराशिवला किंवा पुण्याला जायला पैसे आणि दिवस दोन्ही लागतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून पहिलं पाऊल फोनचं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आणि मनाच्या आरोग्यासाठी टेलिमानस 14416, दोन्ही नंबर मोफत आहेत. पिणाऱ्यानं केला नाही तर बायकोनं, आईनं, भावानं करावा. आणि डॉक्टरांपुढं बसल्यावर “कधीमधी घेतो” असं न सांगता रोज किती क्वार्टर, किती वर्षांपासून, आणि चप्पल कधीपासून निसटतेय, हे तिन्ही खरंखरं सांगावं.